ग्रामीण पाणीपुरवठ्याचे लोकव्यवस्थापन (बेळगाव सीमाभाग)

पिण्याच्या पाण्याची विहीर, कूपनलिका, टाकी व नळ यांची देखभाल, पाणीपट्टीची वसुली आणि पाणी सोडण्याच्या वेळा गावानेच ठरवून चालविण्याच्या पद्धतीस लोकव्यवस्थापित पाणीपुरवठा म्हणतात. विकसनशील देशांत ही पद्धत आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशकाच्या (१९८१–९०) सुमारास रुजली. सरकारी मेकॅनिकची वाट पाहत हातपंप महिनोन्महिने बंद राहतात, हा अनुभव तिच्यामागे होता. सोलापूर भागात तयार झालेल्या पंपावरून ‘इंडिया मार्क-२’ हा हातपंप विकसित झाला. पुढे ‘मार्क-३’मध्ये दट्ट्याचा वायसर बदलण्यासाठी सगळे पाइप उपसावे लागू नयेत, अशी सोय करण्यात आली.

७३व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पिण्याचे पाणी पंचायतींच्या विषयांत आले. २००२ मधील ‘स्वजलधारा’ योजनेत भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा आणि देखभालीचा सगळा खर्च गावाकडे होता. त्याच सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने उत्तर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यासह, ‘जलनिर्मल’ प्रकल्प राबविण्यात आला. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये घरोघरी नळ व माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट असून कर्नाटकात ती योजना ‘मने मनेगे गंगे’ या नावाने ओळखली जाते. गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात, असे तिच्या नियमांत आहे.

सीमाभागात पाण्याचा प्रश्न तालुक्यागणिक बदलतो. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि घाटमाथ्यावर पाऊस अतोनात पडतो; तरी जांभ्या दगडात मुरलेले पाणी झिरपून जाते व चैत्र-वैशाखात झरे रोडावतात. अथणीकडे मूळचा पाऊसच तोकडा. निपाणी-चिकोडी पट्ट्यात दूधगंगा व वेदगंगा बारमाही उपयोगी पडतात, पण २०१९ सारख्या महापुरात नदीकाठची जॅकवेलच (नदीचे पाणी उपसण्याची विहीर) पाण्याखाली जाते आणि भोवती पूर असताना नळ कोरडे राहतात. शिवाय हा उसाचा मुलूख आहे. गावची बोअर दोनशे फुटांवर असताना शेजारच्या मळ्यात चारशे फुटांची बोअर पडली, तर समितीने कितीही चोख कारभार केला तरी टाकी भरत नाही. सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना विहीर घेण्यास कर्नाटकाच्या १९९९ च्या कायद्याने मनाई आहे. मात्र मळेवाला भावकीतलाच असतो, तेव्हा तक्रार करायला पुढे कोण येणार?

रोजचा कारभार वॉटरमनच्या हाती असतो. करंटची वेळ धरून तो मोटर चालू करतो, टाकी भरल्यावर लोखंडी चावीने व्हॉल्व फिरवून एकेका गल्लीला पाणी सोडतो आणि कुणाच्या नळाला छुपी मोटर लागली आहे, हे त्याला शेवटच्या घराच्या बारीक धारेवरून कळते. त्याचा पगार थकला की योजना ढासळू लागते. मोठी अडचण अर्थात पैशाची असते. महिन्याच्या पाणीपट्टीतून वीजबिल कसेबसे भागते. मोटर जळाली की घोडा (तिपाई) उभारून पाइप वर काढणे, रिवाइंडिंग आणि नवी केबल यांसाठी एकरकमी पैसा लागतो व तो बाजूला काढलेला नसतो. घरोघर वर्गणी फिरेपर्यंत टँकर येतो, आणि एकदा टँकर आला की पाणीपट्टी भरायचा उत्साह आणखी ओसरतो. उद्घाटनाच्या दिवशी योजना यशस्वी म्हणून मोजली जाते. ती खरे तर पहिल्या जळालेल्या मोटरीनंतर मोजायला हवी.

मराठीभाषक गावांत आणखी एक गुंता आहे. ग्रामसभेत पाण्यावरचे भांडण मराठीत होते, तर ठराव व जमाखर्च कन्नडमध्ये लिहिला जातो. त्यामुळे हिशेब वाचून प्रश्न विचारणारे थोडेच उरतात. जिथे शिल्लक रक्कम चावडीच्या फळ्यावर दोन्ही भाषांत खडूने लिहिली जाते, तिथे वसुलीसाठी दारोदार फिरणाऱ्याचे बोलणे निम्म्याने कमी होते.

अलीकडे नदीवरून अनेक गावांना एकत्र पाणी देणाऱ्या बहुग्राम योजनांकडे कल वाढला आहे. त्यात उपसा व शुद्धीकरण गावाच्या हाती राहत नाही. समितीकडे उरते ते टाकीपासून नळापर्यंतचे वाटप. नळ आल्यावर गावोगावचे आड कचऱ्याने बुजत गेले. ज्यांनी ते दर उन्हाळ्यात गाळ काढून जपले, ती गावे मुख्य जलवाहिनी फुटल्यावर आजही आधी दोरी-बादली घेऊन तिकडेच वळतात.