फाटे कलम की गुटी कलम: आधी कापायचं की आधी मुळं आणायची?

रोपवाटिकेत "हे कलम आहे का?" असं विचारलं की उत्तर बहुधा "हो" असंच मिळतं. त्यात खोटं काही नसतं, पण कळतही काही नाही, कारण कलम हा शब्द चार-पाच निरनिराळ्या कामांना चालतो. डोळा (फांदीवरची नवी फूट येण्याची जागा) भरलेला गुलाब किंवा आंब्याचं कोय कलम म्हणजे दोन झाडांचा सांधा. फाटे कलमात आणि गुटीत सांधा नसतोच. एकाच झाडाची फांदी स्वतःची मुळं धरते. म्हणूनच या दोघांची गल्लत होते. फाटे कलमात फांदी आधी कापून मग मुळांची वाट बघायची, तर गुटीत फांदी झाडावरच ठेवून मुळं आणायची आणि मग कापायची. बाकीची सगळी काळजी या क्रमावरून ठरते.

कापलेल्या फाट्याला पाणी ओढायला मुळं नसतात, पानांतून मात्र वाफ जातच असते. त्यामुळे फाटे कलमाची सगळी धडपड हा तोटा कमी करण्याची. जास्वंद, तगर, बोगनवेल यांची पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट पक्व फांदी घ्या. हिरवी लुसलुशीत कुजते, जुनाट लाकूड मुळं धरायला कंटाळा करतं. लांबी १५ ते २० सें.मी., डोळे तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा काप डोळ्याच्या सेंटिमीटरभर वर सरळ. हे नुसतं दिसायला नाही: फाटा उलटा खोचला तर मुळं धड येत नाहीत, आणि पानं काढलेल्या दांड्याची वरची बाजू कोणती हे कापावरूनच ओळखता येतं. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा, मोठी असतील तर तीही निम्मी कापा.

फाटा खोचायचं माध्यम म्हणून निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मी धुतलेली जाड वाळू. शेणखत किंवा गांडूळखत घालू नये. मुळंच नसताना ते खाणार कोण? शिवाय त्या ओलाव्यात बुरशी पोसते आणि फाटा बुडातून काळा पडतो. मूठभर माध्यम दाबल्यावर एक-दोन थेंबच पडावेत. धार लागली तर ते जास्त ओलं आहे. मुळं फुटायला मदत करणारं संजीवक म्हणजे आयबीएची पावडर. कोवळ्या फाट्याला १००० आणि पक्व फाट्याला ३००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) पुरते, पाकिटावर ०.३ टक्के लिहिलेलं असेल तर ते ३००० पीपीएमच. ओलं बूड पावडरीत टेकवून जादा पावडर झटका. दालचिनीची पूड वापरायला हरकत नाही, पण ती संजीवक नव्हे.

दोन डोळे माध्यमात जातील असं खोचा, वरून पारदर्शक पिशवी किंवा बूड कापलेली बाटली पालथी घाला आणि कुंडी उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. उन्हात पिशवीच्या आत भट्टी होते.

यानंतरची चूक सगळ्यात सार्वत्रिक. दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, पोपटी पालवी येते आणि "लागलं!" म्हणून पिशवी काढली जाते. ती पालवी दांड्यात साठलेल्या अन्नावर आलेली असते, खाली कदाचित एकही मूळ नसतं. साठा संपला की पालवी माना टाकते. जास्वंदाला साधारण चार ते सहा आठवडे द्या, बोगनवेलीला त्याहून जास्त. हलकेच ओढल्यावर फाट्याने विरोध केला, तर मुळं आली. मग पिशवी आठवडाभर रोज थोडी-थोडी उघडून फाट्याला बाहेरच्या हवेची सवय करा.

गुटीत ही पिशवी आणि पानांची कापाकापी लागत नाही, कारण फांदी अजून आईच्या जिवावर असते. झाडात पाणी लाकडातून वर चढतं, पानांनी केलेलं अन्न आणि नैसर्गिक संजीवक सालीतून खाली उतरतं. पेन्सिल ते अंगठा एवढ्या जाडीच्या, वर्षभर वयाच्या फांदीवर शेंड्यापासून ३० ते ४५ सें.मी. खाली, डोळ्याच्या खालून अडीच-तीन सें.मी. रुंद सालीची अंगठी काढली की पाण्याची वाट शाबूत राहते आणि उतरणारा माल वरच्या काठाशी अडतो. मुळं तिथेच फुटतात. म्हणून पावडर लावायची ती वरच्या काठाला.

साल काढल्यावर लाकडावर निसरडा पातळ थर उरतो. सुरीच्या पाठीने तो खरवडलाच पाहिजे, नाहीतर काही आठवड्यांत साल पुन्हा जुळते आणि आत मुळं शून्य. सुरी लाकडात रुतली तर मात्र फांदी वाऱ्याने तिथेच मोडते. मग भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) मूठभर लपेटा, पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळा. वरची गाठ सैल राहिली की पावसाचं पाणी शिरून मॉस कुजतं. पावसाळ्याची सुरुवात यासाठी उत्तम. डाळिंबाची गुटी सहा-आठ आठवड्यांत होते. पांढरी मुळं दिसताच कापायची घाई नको. ती तपकिरी होऊन त्यांना उपमुळं फुटू द्या. गुटीच्या खाली आधी निम्मी जाडी कापा, आठ-दहा दिवसांनी उरलेली.

कुठे काय करावं? जास्वंद, तगर, मोगरा, अंजीर यांना गुटी बांधणं म्हणजे उगाच कष्ट. एका छाटणीत दहा फाटे मिळतात, चार मेले तरी बिघडत नाही. वाढून छताला टेकलेल्या रबराच्या झाडाचा शेंडा वेगळा करायचा असेल तर गुटीच. डाळिंब दोन्हींनी होतं, पण गुटीने रोप लवकर मोठं मिळतं. आंब्याच्या बाबतीत घरी दोन्हींचा नाद सोडावा.

दोन्ही प्रकारांत सोटमूळ नसतं, त्यामुळे उघड्या गच्चीवर पहिली दोन वर्षं काठीचा आधार हवा. उलट एक फायदाही आहे. डोळा भरलेल्या गुलाबाच्या सांध्याखालून आलेला धुमारा खुंटाचा, म्हणजे ज्यावर डोळा भरला त्या खालच्या झाडाचा, म्हणून तो काढावा लागतो. फाट्याच्या किंवा गुटीच्या झाडाला बुडातून आलेला फुटवा त्याच जातीचा असतो, तो बिनधास्त वाढू द्या.