गोव्याच्या कोचला मोजायचं कशावर, शील्ड की ट्रॉफी?

आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) एफसी गोवाचा कोच गेला की वाद ठरलेला, त्याने काय मिळवलं. सगळा घोळ 'चॅम्पियन' या शब्दाचा आहे. लीगच्या पॉइंट टेबलवर पहिला येतो त्याला चॅम्पियन म्हणत नव्हते, वरच्या चार टीम (2022-23पासून सहा) प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, खेळायच्या आणि फायनल जिंकेल तो चॅम्पियन, ट्रॉफी त्याची. 2015ला ब्राझिलियन कोचच्या हाताखाली गोवा टेबलवर पहिला होता, पण तेव्हा पहिल्या नंबरला मिळणारी शील्डच नव्हती, त्यामुळे लोकांना आठवते ती फक्त गोव्याच्या घरच्या मैदानावरची, फातोर्ड्याची फायनल, 87व्या मिनिटाला 2-1 पुढे आणि शेवटी 3-2ने हार.

2017ला आलेल्या स्पॅनिश कोचचा हिशोब तर अजूनच अवघड. पहिल्या सीझनला सेमीत चेन्नईकडून हरले, दुसऱ्या सीझनची फायनल मुंबईत झाली, एक्स्ट्रा टाइममध्ये बंगळुरूचं एक हेडर आणि संपलं. त्याच वर्षी सुपर कप ही वेगळी स्पर्धा जिंकली, पण ते कोण धरतंय! मग 2019-20, टेबलवर पहिल्याला शील्ड, 50 लाख आणि आशियाई चॅम्पियन्स लीगचा ग्रुप स्टेज असं ठरलेलं पहिलंच वर्ष. गोवा वर, लीगच्या 3 मॅच बाकी, आणि कोचला काढलं. ओडिशाला 4-2 हरवून दोन-चार दिवसच झाले होते हो! उरलेल्या 3 मॅच गोव्याच्याच माणसाने सांभाळल्या, 4-1, 5-2, 5-0, शील्ड घरी. मग दोन मॅचच्या सेमीत चेन्नईत 1-4 मार खाल्ला, फातोर्ड्यात 4-2 जिंकूनही एकूण 5-6ने बाहेर.

आता शील्ड कोणाच्या नावावर लिहायची? 18 पैकी 15 मॅच ज्याने खेळवल्या त्याच्या, मला तरी यात शंका वाटत नाही. पण 'प्लेऑफमध्ये त्याची टीम ढेपाळते' म्हणणारे तेव्हाही होते, आणि तोच माणूस पुढच्या सीझनला मुंबईकडे गेला, शील्ड घेतली, सेमीत गोव्यालाच पेनल्टीवर बाहेर काढलं आणि मार्च 2021ला फातोर्ड्यातच ट्रॉफी उचलली. कोरोनाचं बायो-बबल होतं म्हणून स्टँड रिकामे, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

2021-22ला शील्डचं बक्षीस 3.5 कोटी झालं, ट्रॉफीचं 6 कोटी, म्हणजे पैशातही शील्ड धाकटीच राहिली. त्या वर्षी हैदराबादला ट्रॉफी जिंकून देणारा कोच, तोही स्पॅनिश, 2023ला गोव्यात आला. एप्रिल 2024, मुंबईविरुद्ध सेमीची पहिली मॅच, फातोर्डा, 90व्या मिनिटापर्यंत गोवा 2-0 पुढे आणि शिट्टी वाजली तेव्हा 2-3. त्याने 2025ला सुपर कप आणला, फायनल 3-0, पण त्याचा विषय निघाला की लोक आधी ती शेवटची सहा-सात मिनिटंच काढतात.