पार्श्वभूमी : अणुकचऱ्याची नोंद कुणासाठी ठेवायची?

सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमधली निजामकाळातली दप्तरं सोडली गेली. कुणबी नोंदींच्या वादात इथे शिरायचं नाही. पण त्या शोधात एक गोष्ट साऱ्यांच्या लक्षात आली. कागद जागेवर होते, वाचणारी माणसं नव्हती. काही नोंदी मोडीत, काही उर्दूत, काही फारसीत. लिपीवाचक शोधून आणावे लागले, काही दस्तांसाठी हैदराबादपर्यंत जावं लागलं. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं, त्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षंच होत होती. आजोबांच्या जमिनीची नोंद नातवाला वाचता येत नव्हती.

अणुकचऱ्याबाबत जगभरातले तज्ज्ञ चाळीसेक वर्षं ज्या प्रश्नाशी झगडत आहेत, तो हाच प्रश्न आहे. फक्त त्याचा पल्ला फार लांबचा आहे. अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनातलं सीझियम-१३७ दर तीस वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे तीनशे वर्षांत ते हजाराव्या हिश्श्यावर येतं. प्लुटोनियम-२३९ ला नुसतं निम्मं व्हायलाच २४,१०० वर्षं लागतात. पैठणला सातवाहनांची राजधानी होती त्याला जेमतेम दोन हजार वर्षं झाली. तेवढ्या काळात आपण ब्राह्मी लिपी पार विसरलो आणि १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपला ती नव्याने उलगडावी लागली.

हा कचरा खोल मिठाच्या थरांत पुरावा, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९५७ मध्ये सुचवलं. पुढची बरीच वर्षं सगळी चर्चा खडक, पाणी आणि उष्णता यांच्याभोवतीच फिरली. उद्या कुणी तिथे पाण्यासाठी किंवा खनिजासाठी बोअर घेतला तर काय, या प्रश्नावर अमेरिकेत १९८१ मध्ये एक गट बसला. त्यात अभियंत्यांबरोबर मानववंशशास्त्र आणि भाषा-चिन्हांचे अभ्यासकही होते. त्यांच्यापैकी थॉमस सेबिओक यांनी १९८४ च्या अहवालात एक सूचना केली. इशारा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी, जुने शब्द चालू भाषेत बदलून देणारी एक ‘अणु-पुरोहितां’ची परंपराच उभी करावी, अशी ती सूचना. त्याच सुमारास फ्रान्स्वाझ बास्तीद आणि पाओलो फाब्री या अभ्यासकांनी किरणोत्सर्ग जवळ असला की रंग बदलणारी मांजरं पैदा करावीत आणि त्यांच्याभोवती लोककथा रुजवाव्यात, असं सुचवलं. आज हे वाचताना हसू येतं, पण ते हसण्यावारी नेऊ नये. दगड आणि कागद टिकले तरी अर्थ टिकत नाही, हे या माणसांना नेमकं कळलं होतं.

पुरोहितांच्या कल्पनेवर तेव्हाच टीका झाली. ज्ञान मूठभरांच्या हाती गेलं की ते सत्तेचं हत्यार होतं, हा मुख्य आक्षेप. मराठवाड्याला याचा एक दाखला घरातच सापडतो. चक्रधरस्वामींनंतर महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. जपणूक इतकी चोख की शतकं उलटली तरी पोथ्या शाबूत राहिल्या. पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतलं हे आद्य गद्य विसाव्या शतकापर्यंत ठाऊक नव्हतं. भक्तीच्या ग्रंथांना ते परवडलं. ज्या जागेवर विहीर खोदायची नाही, त्या जागेची माहिती मात्र बंद पोथीत ठेवून चालणार नाही. ती विहीर खोदणाऱ्याला कळली पाहिजे.

अमेरिकेने पुढे न्यू मेक्सिकोत कार्ल्सबादजवळ, जमिनीखाली ६५५ मीटरवर, मिठाच्या थरात कोठार खोदलं. अण्वस्त्रनिर्मितीतला प्लुटोनियमयुक्त कचरा १९९९ पासून तिथे जातो. दहा हजार वर्षं टिकणारी खूण कशी असावी, यावर १९९३ मध्ये मोठा अहवाल आला. काट्यांसारखे वर आलेले प्रचंड सुळके, भेदरलेल्या चेहऱ्यांची चित्रं, असं बरंच त्यात होतं. प्रत्यक्ष आराखड्यात आले ते मातीचे बांध आणि ग्रॅनाइटचे उंच खांब. त्यांवर संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषा आणि स्थानिक नावाहो भाषा. मला त्या विचारमंथनातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती साधी आहे : शिळेवर मोकळी जागा सोडावी, म्हणजे पुढच्या लोकांना तोच मजकूर आपल्या भाषेत कोरता येईल.

युरोपचा अनुभव वेगळा, आणि माझ्या मते अधिक कामाचा. जर्मनीत आस येथील जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ दरम्यान सुमारे १,२६,००० पिंपं ठेवली गेली. १९८८ पासून खाणीत पाणी झिरपू लागलं. पिंपं वर काढायची ठरली तेव्हा कशात काय आहे याच्या नोंदीच अपुऱ्या निघाल्या. ती ठेवणारी पिढी अजून हयात होती! फ्रान्समध्ये मांश प्रांतातलं कोठार १९९४ मध्ये भरून बंद झालं. त्यावर पुढची तीनशे वर्षं देखरेख ठेवायची आहे. तिथल्या संस्थेने सगळी कागदपत्रं टिकाऊ कागदावर छापून एक प्रत जागेवर आणि दुसरी राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली. आसपासच्या गावकऱ्यांचे स्मृतिगटही बांधले.

पुढे २०११ ते २०१८ या काळात आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने अनेक देशांना या विषयावर एकत्र बसवलं. एकच मोठं स्मारक किंवा एकच अभिलेखागार पुरणार नाही, असा निष्कर्ष निघाला. अनेक ठिकाणी, अनेक हातांत, लहानमोठ्या रूपांत माहिती असली पाहिजे. चाळीसेक पानांत सामान्य माणसाला कळेल असा सारांशही त्यात हवा.

मी त्यात आपल्याकडून एक गोष्ट जोडेन. नोंद जगते ती कुणाला तरी ती पुन्हा उघडायची गरज पडते म्हणून. आपल्याकडे सातबारा जिवंत आहे, कारण वाटणी, वारस फेरफार, पीककर्ज यांसाठी तो सारखा काढावा लागतो. अणुकचरा पुरायची अशी एखादी जागा भारतात कधी ठरली, तर तिची माहिती मुंबईतल्या तिजोरीत असावीच, पण त्या गावच्या महसुली दप्तरात ‘इतर हक्क’ या रकान्यातही असावी, चालू भाषेत.

हा विषय दूरच्या देशांचा किंवा दूरच्या काळाचा वाटत असेल, तर २०१० ची दिल्लीतली मायापुरी आठवावी. दिल्ली विद्यापीठातलं कोबाल्ट-६० या किरणोत्सारी द्रव्याचं जुनं उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होतं. २०१० मध्ये ते लिलावात भंगारात गेलं. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. आत काय आहे, हे पंचवीस वर्षांतच विसरलं गेलं होतं. १९८३ मध्ये मेक्सिकोत हुआरेझ शहरी असंच एक कर्करोगोपचाराचं यंत्र भंगारात गेलं, भट्टीत वितळलं आणि त्याच्या सळया झाल्या. पुढच्या वर्षी अशा सळया नेणारा एक ट्रक अमेरिकेतल्या एका अणुप्रयोगशाळेजवळून गेला, तिथला किरणमापक वाजला, तेव्हा कुठे हे उघड झालं.

जालन्याच्या भट्ट्यांमध्ये रोज भंगार वितळून सळई बनते, म्हणून ही गोष्ट मराठवाड्याने नीट ऐकावी. कर्करोग रुग्णालयांतली कोबाल्टची यंत्रं, कारखान्यांत वेल्डिंग तपासायला वापरले जाणारे इरिडियमचे कॅमेरे, या सगळ्यांना आयुष्य असतं आणि शेवटी ते परत करायचे असतात. आता अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीत परवाने आणि स्रोतांची नोंद होते. भंगार विकत घेणाऱ्याला आणि भट्टीवरच्या मजुराला मात्र किरणोत्सर्गाचा इशारा देणारं ते तीन पात्यांचं चिन्ह ओळखता येतं का, हे कुठल्याच प्रणालीत दिसत नाही. हे चिन्ह सामान्य माणसाला उमगत नाही हे लक्षात आल्यावरच २००७ मध्ये कवटी आणि पळणारा माणूस दाखवणारं नवं लाल चिन्ह आणलं गेलं. जालन्याच्या भंगारवाल्यांपर्यंत ते मराठीत, हिंदीत, उर्दूत पोहोचवायला फार खर्च येणार नाही.

भारताने वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याचा, म्हणजे त्यातलं कामाचं द्रव्य वेगळं काढून घेण्याचा, मार्ग धरला. मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) १९६४ पासून हे काम सुरू आहे. उरलेला अतिकिरणोत्सारी द्रव बोरोसिलिकेट काचेत गोठवून तारापूरला देखरेखीखाली ठेवला जातो. खोल भूगर्भातल्या कोठारासाठी १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत प्रयोग झाले, पण जागा ठरलेली नाही. आपल्या पायाखालच्या भूमीबद्दल तर ३० सप्टेंबर १९९३ नंतर कुणीच छातीठोक बोलू नये. किल्लारीचा भाग तोवर स्थिर मानला जात होता. भूकंपानंतर तिथे भोक पाडलं तेव्हा काळ्या पाषाणाचा थर सुमारे ३३८ मीटरवर संपून खाली जुना खडक लागला. फिनलंडने ओंकालोत ४०० मीटरहून खोल कोठार खोदून २०२४ मध्ये चाचणी सुरू केली, तेव्हा त्यांच्या हाती चार दशकांच्या शोधाची सलग नोंद होती. आपल्याकडे जागा ठरवायची वेळ येईल तेव्हा तुर्भे, तारापूर आणि कोलारच्या पहिल्या पिढीतल्या शास्त्रज्ञांपैकी फार थोडे सांगायला असतील. त्यांच्या तोंडून ही माहिती आताच, मराठीसह सगळ्या भाषांत नोंदवून घेण्याचं काम विद्यापीठांनी हाती घ्यायला हवं.