आधी बोटी मोजल्या, माणसाचा नंबर नंतर लागला

टायटॅनिक म्हटलं की लाइफबोटी कमी होत्या हे सगळ्यांनाच आठवतं, आणि ते खरंय, जहाजावर साधारण २२०० माणसं आणि बोटींत जागा ११७८ जणांची. पण यात नियम मोडलेलाच नव्हता! जहाजांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याचा, बोर्ड ऑफ ट्रेडचा, तक्ता टनेजवर, म्हणजे जहाजाच्या आकारमानावर चालायचा आणि तो १०,००० टनांवर संपायचा, त्याच्या पुढे जहाज कितीही मोठं असो, १६ बोटी बास. टायटॅनिक ४६,००० टनांचं, आणि त्यावर २० होत्या, म्हणजे कायद्याने मागितल्यापेक्षा जास्तच.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ज्या बोटी होत्या त्याही भरल्या नाहीत, पहिली खाली सोडली तिच्यात ६५ जणांची जागा होती आणि माणसं २८ की काय. लोक चढायला तयार नव्हते आणि भरलेली बोट दोरांवर टिकेल की नाही याची क्रूलाच खात्री नव्हती. हा सरावाचा प्रश्न होता, सामानाचा नाही.

१९१४ च्या जानेवारीत लंडनला १३ देशांनी 'सोलास', म्हणजे समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या करारावर सह्या केल्या. सगळ्यांना पुरतील एवढ्या बोटी, चोवीस तास वायरलेसवर माणूस, हिमनगांवर गस्त वगैरे. लगेच महायुद्ध सुरू झालं आणि करार लागू व्हायचा राहूनच गेला. मग १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ अशा आवृत्त्या निघाल्या. १९७४ मधली एक युक्ती मला फार आवडते, ती म्हणजे दुरुस्ती पास झाली की पुरेशा देशांनी मुदतीत हरकत घेतली नाही तर ती ठरल्या तारखेला आपोआप लागू. त्याआधी एकेका देशाच्या होकाराची वाट बघत दुरुस्त्या वर्षानुवर्षं पडून राहायच्या.

पण या सगळ्यात भर मुख्यतः जहाजावर, जहाज चालवणाऱ्यावर कमी. १९६७ मध्ये टोरी कॅन्यन हा टँकर लाखभर टनांहून जास्त कच्चं तेल घेऊन दिवसाढवळ्या इंग्लंडजवळच्या खडकांवर चढला, कॅप्टनला भरती गाठायची घाई होती. अशा अपघातांनंतर माणसाकडे लक्ष गेलं आणि १९७८ मध्ये एसटीसीडब्ल्यू आला, म्हणजे खलाशी आणि अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग, सर्टिफिकेट आणि वॉचकीपिंग (पाळीपाळीने पहारा आणि जहाज सांभाळणं) यांचे जगभर एकच किमान नियम. टायटॅनिकनंतर तब्बल ६६ वर्षांनी! तोही सुरुवातीला ढिलाच, 'प्रशासनाचं', म्हणजे त्या त्या देशाच्या जहाज खात्याचं, 'समाधान होईल इतपत' अशी भाषा, मग ज्याचं त्याचं समाधान ज्याच्या त्याच्यापाशी.

१९८७ मध्ये बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ ही फेरी पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली. दरवाजे लावायचं काम ज्याच्याकडे होतं तो केबिनमध्ये झोपलेला, आणि दरवाजा बंद झालाय की नाही हे सांगणारा साधा दिवाही ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, नव्हता. फेरी काही मिनिटांत आडवी झाली, १९३ जण गेले. चौकशीत नुसत्या झोपलेल्या माणसावर न थांबता कंपनीच्या वरपासून खालपर्यंतच्या ढिसाळपणावर बोट ठेवलं गेलं, आणि पुढे कंपनीलाही बांधणारा आयएसएम कोड, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाचे नियम, १९९८ पासून सक्तीचा होत गेला.

१९९५ मध्ये एसटीसीडब्ल्यू जवळजवळ नव्याने लिहिला. आता नुसतं माहीत असून चालेना, करून दाखवायचं. उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे गॅसने फुगणारा तराफा, सरळ करणं घ्या ना. गॅस सिलेंडरच्या बाजूला उभं राहायचं, तळावरचा पट्टा धरून मागे झुकायचं, राफ्ट अंगावर येतो आणि त्याच्याखालून पोहत बाहेर पडायचं. वाचायला दोन ओळी, पण पहिल्यांदा करताना त्या काळोखात माणूस घाबरतोच, म्हणून ते आधी स्विमिंग पूलमध्ये करून घेतात.

एसटीसीडब्ल्यूच्या २०१० मधल्या मनिला दुरुस्त्यांनी विश्रांतीचे तास घट्ट केले, २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७, आणि जीव वाचवायच्या कौशल्यांची दर पाच वर्षांनी उजळणी. लागू झाल्या १ जानेवारी २०१२ ला. १३ जानेवारीला कोस्टा कॉनकॉर्डिया हे प्रवासी क्रूझ जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकाला घासलं, ३२ जण गेले. कॅप्टनच्या चुका तर होत्याच, पण त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिलसुद्धा, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव, झालेलं नव्हतं, आणि इथेही नियम मोडलेला नव्हता, कारण चढल्यापासून २४ तासांत घेतलं तरी चालत होतं. २०१५ पासून ते जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावं लागतं.