आयर्विनला किती झालं? डेटाबेसमधल्या ॲरेची पार्श्वभूमी

पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की सांगलीत जो तो एकच विचारतो: आयर्विनला किती झालं? म्हणजे आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. समजा, हे आकडे कुणी पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये साठवले आणि दिवसाला एक रो (टेबलाची एक ओळ), त्यात दर तासाच्या २४ नोंदींचा एक ॲरे (एकाच चौकटीत क्रमाने ठेवलेली यादी) अशी मांडणी केली. दिसायला सुटसुटीत. पण 'पाणी सलग किती तास इशारा पातळीच्या वर होतं?' असं विचारलं की एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा रोज लिहिणाऱ्यालाही घाम फुटतो. या अडचणीचं मूळ थेट १९७० पर्यंत जातं.

त्या वर्षी जूनमध्ये आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडायच्या पद्धतीवरचा, निबंध प्रसिद्ध झाला. त्यात कर्मचाऱ्याचं उदाहरण आहे. नाव, जन्मतारीख, मुलं आणि नोकरीचा इतिहास. त्या इतिहासाच्या पोटात पुन्हा पगाराचा इतिहास. कॉड यांनी ही पोटातली टेबलं बाहेर काढून स्वतंत्र केली आणि प्रत्येकात कर्मचाऱ्याचा क्रमांक घातला. एका चौकटीत एकच साधी किंमत, हा दंडक पुढे फर्स्ट नॉर्मल फॉर्म म्हणून रूढ झाला. गंमत अशी, की असं सपाट केलेलं टेबल दोन मितींच्या ॲरेत साठवता येतं हा फायदा त्याच निबंधात नोंदवलेला आहे. म्हणजे साठवणुकीला ॲरे चालत होता. हाकललं ते चौकटीतून.

खरी मेख क्रमात आहे. रिलेशन, म्हणजे कॉड यांचं टेबल, हा संच. त्यात पहिली रो, शेवटची रो असं काही नसतं. ॲरेचं सगळं बळ मात्र क्रमातच: सातवी नोंद म्हणजे सातव्या तासाचं पाणी. क्रम न मानणाऱ्या भाषेत क्रमाचा प्रश्न विचारायचा, म्हणून क्वेरी अवघड होतात.

ॲरे परत आणण्यात मोठा वाटा बर्कली विद्यापीठाचा. मायकेल स्टोनब्रेकर यांनी इंग्रेस या आधीच्या डेटाबेसनंतर १९८६ मध्ये पोस्टग्रेस हाती घेतलं. नकाशे, आकृत्या असला गुंतागुंतीचा माल सपाट टेबलांत कोंबण्यापेक्षा वापरणाऱ्याला स्वतःचे टाइप, म्हणजे माहितीचे प्रकार, बनवू द्यावेत, हा त्यामागचा विचार, आणि ॲरे त्याच वळणाचा. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी त्याला एसक्यूएल जोडलं. १९९६ मध्ये पोस्टग्रेस्क्यूएल हे नाव आलं. आजही कुणाला कोणता अधिकार आहे, याची यादी हा डेटाबेस स्वतःविषयीची माहिती ठेवणाऱ्या कॅटलॉगमध्ये ॲरेतच ठेवतो. एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकाने ॲरेला अधिकृत जागा दिली. मायएसक्यूएलने मात्र असा टाइप कधीच घेतला नाही. तिथे स्वल्पविराम लावलेल्या यादीवर 'फाइंड इन सेट' हे शोधणारं फंक्शन चालवायचं, नाहीतर जेसन या मजकुरी स्वरूपाचा आसरा घ्यायचा.

टाइप आला तरी हत्यारं यायला वेळ लागला. २००६ च्या ८.२ आवृत्तीपर्यंत पोस्टग्रेस्क्यूएलच्या ॲरेत नल, म्हणजे 'किंमत माहीत नाही' ही खूण, बसतच नव्हता. त्याच आवृत्तीत ओलेग बार्तुनोव आणि तिओदोर सिगायेव यांचा जिन इंडेक्स आला आणि ॲरेच्या आतला शोध वेगवान झाला. २००९ ची ८.४ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: ॲरे उलगडणारं अननेस्ट, रो गोळा करून ॲरे बांधणारं ॲरे-ॲग आणि आजूबाजूच्या रो धरून हिशोब करणारी विंडो फंक्शनं, सगळं एकदम. पण उलगडताना कितवा घटक होता हे सांगणारं विथ ऑर्डिनॅलिटी तिथे पोहोचायला २०१४ ची ९.४ उजाडावी लागली.

आता आयर्विनचं गणित सुटतं. अननेस्टने २४ नोंदी २४ रो होतात, ऑर्डिनॅलिटीने प्रत्येकीला तासाचा क्रमांक मिळतो. ४० फुटांच्या वरचे तेवढे ठेवायचे. समजा, ५, ६, ७, ११ आणि १२ हे तास उरले. रो-नंबर या विंडो फंक्शनने त्यांना १ ते ५ क्रमांक द्यायचे आणि तासातून हा क्रमांक वजा करायचा. उत्तर येतं ४, ४, ४, ७, ७. सलग तासांची वजाबाकी सारखी राहते, म्हणून तिच्यावर सारख्या किमतींचे गट करणारं ग्रुप बाय लावलं की एक पट्टा ३ तासांचा, दुसरा २ तासांचा. जाणकार याला 'गॅप्स अँड आयलंड्स' म्हणतात. पट्टा मध्यरात्र ओलांडून दुसऱ्या दिवशी गेला तर तासाच्या जागी तारीख आणि तास मिळून एकच चढता क्रमांक धरावा लागतो.

एक काळजी नलची. सहाव्या तासाची नोंद राहून गेली तर 'नल ४० पेक्षा मोठा का?' याचं उत्तर होही नाही आणि नाहीही नाही. रो गाळणाऱ्या व्हेअरमध्ये तो तास गळतो आणि पाणी उतरलेलं नसतानाही ५ आणि ७ वेगळे पडतात. रिकाम्या ॲरेची लांबी विचारली तर ॲरे-लेंग्थ शून्याऐवजी नल देतं. शून्य हवं असेल तर ९.४ पासून कार्डिनॅलिटी आहे. शिवाय कॉलम २४ घटकांचा म्हणून जाहीर केला तरी पोस्टग्रेस्क्यूएल तो आकडा पाळत नाही. २५ वी नोंद निमूट आत जाते. ती अडवायची तर चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे नोंद तपासणारी अट, आपणच लिहायचा. दर तासाला एक रो ठेवली असती तर अननेस्ट आणि हा चेक दोन्ही वाचले असते. ॲरेच्या आत सारखं शोधावं लागत असेल तर मांडणी चुकली असण्याची शक्यता आहे, असं पोस्टग्रेस्क्यूएलचं अधिकृत मार्गदर्शकही सांगतं.