शेल खडकातील तेल आणि शुद्धीकरणाच्या अडचणी : पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या जमिनीखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. खनिज तेल नाही. तरीही उसाच्या ट्रॅक्टरपासून पुणे-बंगळूर महामार्गावरच्या मालमोटारींपर्यंत येथील बरीच वाहतूक डिझेलवर चालते, आणि ते डिझेल कोणत्या तेलापासून निघाले याला महत्त्व आहे.

शेल म्हणजे पातळ थरांचा, गाळापासून बनलेला खडक; त्यापासून तेल काढणे नवे नाही. रसायनतज्ज्ञ जेम्स यंग यांनी 1850 मध्ये कोळशापासून तेल काढण्याचे पेटंट घेतल्यानंतर स्कॉटलंडमध्ये हा उद्योग उभा राहिला आणि 1962 पर्यंत टिकला. तेथे खडक भट्टीत तापवत. अशा तेलात नायट्रोजन बराच असतो, काही ठिकाणी आर्सेनिकही, आणि दोन्ही शुद्धीकरणातील उत्प्रेरकांना, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांना, मारक ठरतात. कोलोरॅडोतील असा मोठा प्रकल्प एक्सॉनने 1982 मध्ये सोडून दिला.

आजचे शेल तेल वेगळे आहे; ते खडक न तापवता, जमिनीखालीच फोडून काढतात. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने 1990 च्या दशकात टेक्सासच्या बार्नेट शेलमधून वायू काढताना दाबाखालील पाण्याने खडक फोडण्याचे तंत्र स्वस्त केले. पुढे आडव्या विहिरींची जोड मिळून अमेरिकेतील बाकेन आणि ईगल फोर्ड या शेल क्षेत्रांतून तेल वाहू लागले. अमेरिकेने 1975 पासूनची निर्यातबंदी डिसेंबर 2015 मध्ये उठवली, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये अमेरिकी कच्चे तेल ओडिशातील पारादीप बंदरात पोहोचले.

हे तेल हलके असते आणि त्यात गंधक कमी असते, म्हणून ते सोपे वाटते. माझ्या मते हा समज अपुरा आहे. जड, गंधकयुक्त आखाती तेलासाठी बांधलेल्या रिफायनरीत ते एकटेच घातले, तर तेलाचे अंश वेगळे करणाऱ्या ऊर्ध्वपातन मनोऱ्याच्या वरच्या भागावर नॅफ्था (पेट्रोलसारखा हलका अंश) आणि वायूंचा ताण येतो, तर तळाशी इतके कमी उरते की जड अंशावर चालणारी यंत्रणा अर्धी रिकामी राहते आणि रस्त्यांसाठी लागणारे डांबरही फारसे निघत नाही. म्हणून ते जड तेलात मिसळतात, आणि खरी अडचण येथेच सुरू होते: शेल तेलातील पॅराफिनी (मेणासारखे) घटक जड तेलातील विरघळलेले अस्फाल्टीन, म्हणजे डांबरासारखे जड रेणू, धरून ठेवू शकत नाहीत, हे अस्फाल्टीन सुटून हीट एक्स्चेंजरच्या (गरम प्रवाहाची उष्णता थंड तेलाला देणाऱ्या यंत्राच्या) नळ्यांत साचतात, उष्णतेची देवाणघेवाण मंदावते आणि भट्टीत अधिक इंधन जाळावे लागते. यात मेणाची भर पडते. ते थंड टाक्यांत आणि वाहिन्यांत बसते.

शिवाय वाहतुकीपूर्वी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू काढण्यासाठी तेलात अमाइनयुक्त (अमोनियासारखी नायट्रोजन संयुगे असलेली) रसायने घालतात. त्यांतील अमाइन मनोऱ्याच्या माथ्याशी क्लोराइडबरोबर क्षार बनवते, आणि तो क्षार ओलावा शोषून पोलाद खातो. मिश्रणाचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासणे, क्षारनिर्मूलन (कच्च्या तेलातील मीठ आधीच धुऊन काढणे) काटेकोर ठेवणे आणि माथ्याशी धुण्याचे पाणी सोडणे, हे त्यावरचे रूढ उपाय आहेत.