शटरच्या फ्रेमचं बिट घेताय? आधी कोलेट बघा, डिझाईन नंतर

गिऱ्हाईक येतं, मोबाईलवर शटरचा, म्हणजे कपाटाच्या दाराचा फोटो दाखवतं आणि म्हणतं हे डिझाईन पाडणारं बिट, म्हणजे राउटर मशीनला लावायचं कटर द्या. आम्ही आधी विचारतो मशीन कुठलं आहे, कारण शँक, म्हणजे बिटाचा मशीनमधे जाणारा दांडा, चुकला की पुढचं सगळं वाया. हा दांडा मशीनमधे जी पकड धरते ती कोलेट. ट्रिमरचा, म्हणजे हातात धरायच्या छोट्या राउटरचा कोलेट ६ एमएम नाहीतर पाव इंची म्हणजे ६.३५, मोठ्या राउटरचा १२ एमएम नाहीतर अर्धा इंची म्हणजे १२.७, आणि नुसत्या नजरेला फरक कळत नाही. पाव इंची शँक ६ च्या कोलेटमधे जातच नाही, ते एक बरंय. पण ६ चा शँक पाव इंचीत आरामात जातो, आवळल्यासारखा वाटतो आणि मशीन चालू असताना सरकतो, त्यामुळे "चालतंय की" इथे चालत नाही.

फ्रेमसाठी १२ एमएम किंवा अर्धा इंचीच घ्या, मशीन टेबलखाली लावा. हातात ट्रिमर धरून हे काम करायचं नाही, बिट जड असतं. स्पीडही फुल नको, बिटावर लिहिलेला मॅक्स आरपीएम बघा.

आता बिट. ही जोडी असते, एक उभ्या पट्टीच्या कडेला डिझाईन आणि खाच पाडतं, दुसरं आडव्या पट्टीच्या टोकाला त्याच्या बरोब्बर उलटा आकार काढतं. जोडी एकाच सेटमधली हवी, दोन दुकानांतून एकेक घेतलं तर सांधा बसेलच असं नाही. एकाच शँकवर कटर उलटसुलट लावायचं बिट स्वस्त पडतं, पण दरवेळी खोलायचं, वॉशर सांभाळायचे, वर परत सेटिंग. एखाददुसऱ्या शटरला ठीक, अख्ख्या किचनला नको.

सेट किती जाडीच्या लाकडाला चालतो तेही विचारा. बरेचसे १९ ते २२ एमएमचे असतात, रंधा मारून १६ वर आलेली पट्टी त्यात नीट बसत नाही.

लांबी काढताना बरेच जण फसतात. शटर ४५० रुंद, उभ्या पट्ट्या ६०-६० च्या, खाच १० खोल, तर आडवी पट्टी ३३० नाही, ३५० कापायची, कारण दोन्ही टोकं १०-१० आत जातात. आधी आडव्या पट्ट्यांची टोकं मारा, मागे एक टाकाऊ तुकडा लावून, नाहीतर कड फुटते, सागवानात तर हमखास.

डिझाईन तुमच्या आवडीचं, पण स्वयंपाकघरासाठी आमचं मत विचाराल तर साधं चौकोनी, बिननक्षीचं शेकर डिझाईन घ्या. नक्षीच्या खोबणीत फोडणीचा चिकटा बसला की घरातल्या बाई सुताराचं नाव काढतात, तेही चांगल्या अर्थाने नाही.

मधल्या पॅनेलचं लक्षात ठेवा, ६ चा प्लाय मोजला तर बऱ्याचदा जेमतेम साडेपाच भरतो आणि पाव इंची खाचेत खडखडतो, प्लायच वापरणार असाल तर खाच कमीजास्त होणारा सेट मागा. भरीव लाकडाचं पॅनेल असेल तर फेविकॉल लावू नका आणि प्रत्येक बाजूला दोनतीन एमएम जागा सोडा, पावसाळ्यात ते फुगतंच.

येताना कोलेट आणि तुमच्या लाकडाचा एक तुकडा घेऊन या, इथेच मोजून देतो.